हुशार मुलाला एक इयत्ता पुढे बसवावं का? तीन वाटांची तुलना

“तुमचं मूल वर्गाच्या बरंच पुढे आहे, त्याला एकदम वरच्या इयत्तेत घेऊ या का?” असं शाळेकडून विचारलं जातं, किंवा घरीच तो विचार मूळ धरतो. तेव्हा बहुतेक पालकांना समोर दोनच गोष्टी दिसतात: डबल प्रमोशन घ्यायचं, नाहीतर आहे तसंच चालू द्यायचं. या दोन्हींच्या मधली एक वाट सहसा कोणी सुचवत नाही, ती म्हणजे ज्या विषयात मूल पुढे आहे तेवढ्याच विषयाला वरच्या वर्गात जाऊन बसायचं. शिवाय आहे त्याच वर्गात ठेवलं की निदान जोखीम तरी नाही, असा एक समज असतो. मला तो पटत नाही. जे आधीच येतंय तेच वर्षभर ऐकत बसण्याची किंमत मुलाला मोजावी लागते. ती प्रगतिपुस्तकात दिसत नाही, कारण तिथे पैकीच्या पैकी गुण असतात.

म्हणून या तिन्ही वाटा शेजारी शेजारी ठेवून पाहू. पण आधी मुलाकडे नीट पाहायला हवं.

आपण कोणत्या मुलाबद्दल बोलतोय?

वर्गात पहिलं येणारं प्रत्येक मूल या प्रश्नाच्या कक्षेत येत नाही. एखादं मूल चौथ्या वर्षीच घडाघडा वाचू लागतं, पण दोन-तीन वर्षांत बाकीची मुलंही वाचायला लागतात आणि अंतर मिटतं. एखाद्याचं पाठांतर दांडगं असतं, घरीही कसून अभ्यास घेतला जातो. त्याला गुण उत्तम मिळतात, पण न शिकवलेल्या पद्धतीचं गणित समोर आलं की ते अडखळतं. एखादी मुलगी गणितात दोन वर्षं पुढे आणि भाषेत वर्गाच्या बरोबरीने असते. आणि एखादं मूल असं असतं, की विषय कोणताही असो, एकदा ऐकलं की त्याला पुरतं आणि त्याचे प्रश्न धड्याच्या पुढे गेलेले असतात. अख्खी इयत्ता गाळण्याचा विचार खरं तर या शेवटच्या मुलासाठी आहे.

हे ओळखायचं कसं? स्वतःच्या इयत्तेच्या परीक्षेत १०० पैकी ९८ मिळाले यावरून फार काही कळत नाही. ती परीक्षा तिथेच संपते, मूल आणखी किती वर गेलं असतं हे तिला मोजताच येत नाही. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ ज्युलियन स्टॅन्ली यांनी १९७१ मध्ये गणितात असामान्य गती असलेल्या मुलांचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला, तेव्हा हीच अडचण त्यांच्यासमोर होती. त्यांनी १२-१३ वर्षांच्या मुलांना सॅट ही परीक्षा द्यायला लावली, जी अमेरिकेत शाळा संपवून महाविद्यालयात जाणारी मुलं देतात. आपापल्या वर्गात सगळीच ‘पहिली’ असलेली ही मुलं त्या परीक्षेत एकमेकांपासून खूप वेगवेगळ्या पातळीवर आहेत असं दिसून आलं.

याचं साधं रूप कुठल्याही शाळेला जमण्यासारखं आहे. जी इयत्ता गाळायची आहे तिच्या वर्षअखेरच्या प्रश्नपत्रिका मुलाला सोडवायला द्यायच्या, सगळ्या विषयांच्या आणि कसलीही तयारी करून न घेता. तयारी करून घेतली तर या चाचणीला काही अर्थ उरत नाही, आणि पालकांना तो मोह फार होतो. मूल त्यात सहज निभावून गेलं, तर पुढच्या इयत्तेतलंही थोडं द्यायचं आणि ते कुठे थांबतं ते पाहायचं. एखाद्याच विषयात निभावलं, तर निम्मं उत्तर तिथेच मिळालं.

पहिली वाट: वर्ग तोच, काम वेगळं

कागदावर हा पर्याय सगळ्यात सुंदर दिसतो. मित्र तेच, वर्गशिक्षक त्याच, वयही जुळतं आणि अभ्यास मात्र मुलाच्या वेगाने. मुलाला आधीच काय येतं हे प्रकरण सुरू होण्यापूर्वी तपासायचं, येणारा भाग वगळायचा आणि वाचलेल्या वेळात खोलातलं काही द्यायचं, ही पद्धत अमेरिकेत जोसेफ रेन्झुली आणि सॅली रीस या शिक्षणतज्ज्ञांनी रुजवली. १९९० च्या दशकात रीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती वर्गांत वापरून पाहिली, तेव्हा शिक्षकांना निवडलेल्या मुलांसाठी ठरलेल्या अभ्यासाचा ४० ते ५० टक्के भाग वगळता आला. म्हणजे त्या मुलांचा वर्गातला जवळजवळ निम्मा वेळ येणारंच पुन्हा करण्यात चालला होता.

अडचण अशी, की हे सगळं एका शिक्षकाच्या मेहनतीवर उभं असतं. भरगच्च वर्गात एका मुलासाठी रोज वेगळं काम आखणं सोपं नाही, आणि यंदाच्या शिक्षकांनी केलं तरी पुढच्या वर्षीचे करतीलच असं नाही. मग या वाटेचं जे उरतं ते असं: दहा गणितं लवकर सोडवली म्हणून आणखी वीस, किंवा शेजारच्या मुलाला शिकवायला बसवणं. दुसऱ्याला समजावून सांगण्यात शिकण्यासारखं असतं हे खरं, पण रोजचा वेळ त्यातच गेला तर स्वतःचं शिकणं थांबलेलंच राहतं. आणखी वीस गणितांचा परिणाम तर उलटाच होतो. लवकर संपवण्याची शिक्षा मिळते हे मुलाच्या लवकरच लक्षात येतं आणि ते हळू काम करायला शिकतं.

मला या वाटेवरचा सगळ्यात मोठा धोका वेगळाच वाटतो. ज्या मुलाला सात-आठ वर्षं एकाही प्रश्नाशी झटावं लागलेलं नाही, ते अडणं म्हणजे काय हे शिकतच नाही. चुकलं, पुन्हा केलं, पुन्हा चुकलं, मग जमलं, हा अनुभव बाकीच्या मुलांना रोज मिळतो. याला तो पहिल्यांदा मोठ्या इयत्तेत मिळतो, आणि तेव्हा ‘मी हुशार नव्हतोच’ असा निष्कर्ष ते काढून बसतं. प्रस्ताव नाकारताना पालकांनी हे गृहीत धरायला हवं. शाळेला सरळ विचारा: या वर्षी माझ्या मुलाला नवीन काय मिळणार आहे, आठवड्यातून किती तास, आणि ते कोण देणार? उत्तर ठोस असेल तर ही वाट खुशाल धरा.

दुसरी वाट: एकाच विषयाला वरचा वर्ग

वर उल्लेख केलेल्या, गणितात पुढे असलेल्या मुलीसाठी हे उत्तम. गणिताच्या तासाला ती वरच्या इयत्तेत जाते आणि बाकीचा दिवस आपल्या वर्गात असते. चुकलं तर परतही सहज येता येतं, आणि हा फायदा फार मोलाचा आहे.

टेरेन्स ताओ या ऑस्ट्रेलियन गणितज्ञाचं शालेय शिक्षण बऱ्याच अंशी याच तत्त्वावर झालं. १९८६, १९८७ आणि १९८८ अशी तीन वर्षं त्याने आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडमध्ये अनुक्रमे कांस्य, रौप्य आणि सुवर्णपदक मिळवलं, आणि २००६ मध्ये त्याला फील्ड्स पदक हा गणितातला मोठा सन्मान मिळाला. इतक्या वेगवान मुलालाही त्याच्या पालकांनी सरसकट वर ढकललं नाही. शाळेत तो वेगवेगळ्या विषयांना वेगवेगळ्या इयत्तांत बसत असे, आणि विद्यापीठात पूर्णवेळ पाठवण्याचीही त्यांनी घाई केली नाही. ताओसारखी मुलं अपवादानेच जन्मतात, त्यामुळे त्याचा वेग कुणी नमुना म्हणून घेऊ नये. प्रत्येक विषयाची पातळी स्वतंत्रपणे ठरवण्याची पद्धत मात्र कुठल्याही मुलाला लागू पडते.

ही वाट सहसा वेळापत्रकावर अडते. दोन्ही वर्गांचा गणिताचा तास एकाच वेळी असेल तरच ते जमतं, नाहीतर मुलीचा रोज दुसरा एखादा विषय बुडतो. आणखी एक प्रश्न आधीच सोडवून ठेवायला हवा: शाळेच्या शेवटच्या इयत्तेचं गणित ती एक वर्ष आधी संपवेल, तेव्हा पुढे काय? किंवा शाळा बदलली तर? मी असं होताना पाहिलं आहे, की दोन वर्षं नीट चाललं, मग नव्या शाळेने तीच प्रकरणं पुन्हा करायला लावली आणि मुलाने गणितातून मनच काढून घेतलं. म्हणून ही व्यवस्था तोंडी ठेवू नका. कोणत्या वर्षी कोणत्या वर्गात बसायचं, परीक्षा कुठली द्यायची, गुण कुठे नोंदवायचे, हे शाळेकडून लेखी घ्या.

तिसरी वाट: अख्खी इयत्ता गाळणं

याबद्दल लोकांच्या मनात जितकी भीती आहे, तितकी संशोधनात दिसत नाही. २०१६ मध्ये साईयिंग स्टीनबर्गन-हू आणि सहकाऱ्यांनी जवळपास १०० वर्षांत झालेल्या अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध केला. वरच्या वर्गात गेलेली मुलं, तितक्याच हुशार पण न गेलेल्या समवयस्कांपेक्षा अभ्यासात स्पष्टपणे पुढे होती, आणि वयाने मोठ्या नव्या वर्गमित्रांच्या बरोबरीने होती. स्टॅन्लींनी सुरू केलेल्या अभ्यासातल्या १,६३६ जणांचा ३५ वर्षांनंतरचा आढावा २०२१ मध्ये आला. वयाच्या पन्नाशीच्या सुमारास त्यांचं मानसिक स्वास्थ्य आणि शाळेत ते किती पुढे सरकले होते, यांचा काही वाईट संबंध त्यात आढळला नाही.

हे आकडे वाचून लगेच अर्ज भरायला मात्र धावू नये. कोणत्या मुलाला वर पाठवायचं हे कोणी नाणं उडवून ठरवत नाही. ज्यांना झेपेल असं शिक्षकांना आणि पालकांना वाटलं तीच मुलं वर गेली आणि ती टिकली. म्हणजे नीट निवड झाली तर इयत्ता गाळणं सुरक्षित आहे, एवढं हे संशोधन सांगतं. कसंही निवडलं तरी चालेल असं ते म्हणत नाही.

उलट बाजूचाही पुरावा आहे. वर्गात वयाने सगळ्यात लहान असणं सर्वसाधारण मुलांना जड जातं. अमेरिकेत ज्या राज्यांत प्रवेशाच्या वयासाठी १ सप्टेंबर ही तारीख धरतात, तिथल्या मुलांचा एक मोठा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. ऑगस्टमध्ये जन्मलेल्या, म्हणजे वर्गातल्या सगळ्यात लहान मुलांत दर १०,००० मागे ८५.१ जणांना एडीएचडीचं, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता या विकाराचं, निदान झालं होतं, तर सप्टेंबरमध्ये जन्मलेल्या सगळ्यात मोठ्या मुलांत ६३.६ जणांना. मेंदूत काही फरक असण्यापेक्षा, लहान वयाची चुळबुळ मोठ्यांना आजार वाटली असण्याची शक्यता यातून पुढे येते. ही मुलं हुशारीवरून निवडलेली नव्हती, म्हणून हा आकडा आपल्या प्रश्नाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण नव्या वर्गाच्या शिक्षकांना मुलाचं वय माहीत असणं आणि त्यांनी ते लक्षात ठेवणं किती गरजेचं आहे, हे त्यावरून कळतं. ते जर मनातून विरोधात असतील, तर प्रत्येक सांडलेल्या डब्याचं आणि विसरलेल्या वहीचं कारण ‘लहान आहे ना’ हेच निघणार.

गाळलेल्या वर्षात काय राहून जातं, याची यादी मुख्यतः गणितात करावी लागते. अपूर्णांक, भागाकाराची पद्धत, मोजमापाची एकं, अशा गोष्टी एका ठरावीक इयत्तेत शिकवतात आणि पुढे त्या येतात असं धरूनच चालतात. हुशार मूल ही भर काही आठवड्यांत घालतं, मात्र कोणीतरी ती यादी काढून बसायला हवं. लिहिण्याचा वेग हा वेगळा मुद्दा. डोकं दोन वर्षं पुढे असलं तरी बोटं वयाचीच असतात, आणि वरच्या वर्गात लिखाण एकदम वाढतं. सुरुवातीचे काही महिने लिखाणात सवलत मिळेल का, हे आधी विचारून घ्या.

गुण पहिल्या सहामाहीत थोडे उतरू शकतात. शिवाय, आपल्याहून सरस मुलांत बसल्यावर स्वतःच्या हुशारीबद्दलचं मत खाली येतं, हे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट मार्श यांनी १९८० च्या दशकापासून बऱ्याच देशांतल्या अभ्यासांतून दाखवलं आहे. नेहमी पहिलं येणारं मूल सहावं आलं तर ते तुम्हाला चालणार आहे का? हा प्रश्न मुलाआधी पालकांनी स्वतःला विचारावा. वरच्या वर्गात जाऊन तिथेही पहिलंच यावं अशी घरातून अपेक्षा असेल, तर मी त्या घराला हा निर्णय घेऊ नका असंच सांगेन.

मित्रांचं काय?

सगळ्यात जास्त विचारला जातो तो हाच प्रश्न, आणि माझ्या मते त्याचं उत्तर सगळ्यात जास्त वेळा न तपासताच दिलं जातं. ‘आपल्या वयाच्या मुलांत राहू दे’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण मूल आत्ता त्यांच्यात खरंच राहतंय का? मधल्या सुट्टीत ते कोणाबरोबर असतं? खेळायला कोणाला शोधतं? अशी काही मुलं आपणहून मोठ्या मुलांत रमतात, कारण त्यांना नियम असलेले खेळ, लांबलचक गोष्टी, सलग गप्पा हव्या असतात, आणि समवयस्क अजून तिथे पोहोचलेले नसतात. अशा मुलाला वयाच्या वर्गात ठेवल्याने मित्र मिळत नाहीत. ते एकटं पडतं, किंवा आपल्याला येतं ते लपवायला शिकतं. लपवण्याचं प्रमाण मुलींमध्ये विशेष असतं असं मला दिसत आलं आहे.

ऑस्ट्रेलियातल्या संशोधक मिराका ग्रॉस यांनी १६० च्या वर बुद्ध्यांक असलेल्या ६० मुलांचा २० वर्षं पाठपुरावा केला. मोठी झेप घेऊ दिलेली मुलं पुढे अभ्यासात आणि मैत्रीतही चांगली स्थिरावली. वयाच्याच वर्गात ठेवलेल्यांपैकी बऱ्याच जणांना मैत्री टिकवणं मोठेपणीही अवघड गेलं. इतका बुद्ध्यांक अतिशय दुर्मीळ असतो, त्यामुळे चारचौघांत हुशार असलेल्या मुलाला हे निष्कर्ष लावताना हात आखडता घ्यावा. पण ‘वयाचा वर्ग म्हणजे मैत्रीची हमी’ हे गृहीतक त्यांनी डळमळीत केलं, हे नक्की.

याउलट, ज्या मुलाला वर्गात एक घट्ट जिवलग मित्र आहे, जे सकाळी उड्या मारत शाळेत जातं आणि वर्गात कंटाळलं तरी मधल्या सुट्टीसाठी जगतं, त्याला केवळ गुणांसाठी तिथून उचलू नये. त्याच्यासाठी आधी दुसरी वाट वापरून पाहावी.

आणि वयात येण्याचा काळ? वर्गातल्या सगळ्यांचे आवाज फुटले, उंच्या वाढल्या आणि आपण अजून तसेच, हे वर्ष-दीड वर्ष अवघड जातं. त्यावर उपाय नाही, तो काळ काढावा लागतो. खेळाचे संघ बहुतेक ठिकाणी वयोगटाप्रमाणे असतात, तेव्हा मैदानावर समवयस्कांची सोबत चालू ठेवता येते. ती जरूर चालू ठेवावी.

एकेका उदाहरणावरून मत बनवणाऱ्यांसाठी थोडं विषयांतर करतो. विल्यम जेम्स सिडिस हा अमेरिकन मुलगा ११ व्या वर्षी, १९०९ मध्ये हार्वर्ड विद्यापीठात दाखल झाला. वर्तमानपत्रांनी त्याला पुरता वेढला आणि पुढे तो जगापासून दूर राहिला. ‘लवकर पुढे नेलं की असं होतं’ म्हणून त्याचं नाव आजही सांगितलं जातं. त्याच वर्षी हार्वर्डमध्ये आणखी एक मुलगा आला होता, १४ व्या वर्षी पदवी घेऊन आलेला नॉर्बर्ट वीनर. १८ व्या वर्षी डॉक्टरेट मिळवून तो पुढे सायबरनेटिक्सचा, म्हणजे यंत्रांतल्या आणि सजीवांतल्या नियंत्रणाच्या शास्त्राचा, जनक झाला. वडिलांच्या कठोर शिकवणीबद्दल त्याने आत्मचरित्रात मोकळेपणाने लिहिलं आहे. या दोघांचीही झेप कितीतरी वर्षांची होती. एका इयत्तेचा निर्णय घेताना दोघांनाही बाजूला ठेवलेलं बरं.

मग ठरवायचं कसं?

चाचणीत सगळ्या विषयांत पुढे, स्वतः जायला उत्सुक, मोठ्या मुलांत रमणारं, आणि वरच्या वर्गाचे शिक्षक मनापासून तयार: अशा मुलाला वर पाठवा. माझा कौल इथे स्पष्ट आहे, ‘आणखी एक वर्ष बघू’ म्हणत त्याचं ते वर्ष वाया घालवू नका. एकाच विषयात पुढे असेल तर दुसरी वाट. फक्त लवकर वाचायला शिकलेलं, अजून पाच-सहा वर्षांचं मूल असेल तर वर्षभर थांबा, भरपूर पुस्तकं द्या आणि मग पुन्हा तपासा.

आयोवा विद्यापीठातल्या तज्ज्ञांनी या निर्णयासाठी एक मोजपट्टी तयार केली आहे. तिच्यात काही बाबतींत थेट थांबायला सांगितलं आहे. मुलाची स्वतःची इच्छा नसेल, बुद्धिमापन सरासरीच्या फारसं वर नसेल, किंवा मोठं भावंड त्याच वरच्या वर्गात असेल, तर अख्खी इयत्ता गाळू नये. भावंडाचा मुद्दा पालकांना किरकोळ वाटतो, पण तो किरकोळ नाही. धाकटी बहीण अचानक आपल्या बाकावर येऊन बसली आणि आपल्याहून जास्त गुण मिळवू लागली, तर मोठ्याचं घरात आणि वर्गात जे होतं त्याची भरपाई कोणत्याही फायद्याने होत नाही.

वेळही नीट निवडा. पहिल्या दोन-तीन इयत्तांत, किंवा मूल एका शाळेतून दुसऱ्या शाळेत जात असताना ही उडी सोपी असते, कारण तेव्हा सगळेच नवे असतात. महत्त्वाच्या परीक्षेच्या आदल्या वर्षी ती घेऊ नये. शाळा संपल्यावर काही अभ्यासक्रमांना किमान वयाची अट असते, ती आत्ताच पाहून ठेवा. अट आडवी आली तरी वाचलेलं वर्ष फुकट जात नाही, ते प्रवासाला, एखाद्या कलेला, किंवा पुढे काय करायचं याच्या शोधाला देता येतं.

आणि सुरुवात वरच्या वर्गात सहा ते आठ आठवडे प्रायोगिक बसवून करा. पहिले दोन आठवडे दमणूक आणि रडारड होऊ शकते, त्यावरून काही ठरवू नका. त्यानंतर झोप, भूक आणि सकाळी शाळेत निघतानाचा चेहरा यांकडे लक्ष ठेवा, आणि दर पंधरवड्याला वर्गशिक्षकांशी बोला. तेवढे दिवस मूळ वर्गातली जागा शाळेने राखून ठेवावी, आणि परत यायचं ठरलं तर ते नापास होणं नसेल, हे मुलाला पहिल्याच दिवशी सांगून ठेवावं.